परीक्षकाचं टिपण कुठं गेलं?

गेल्या दिवाळीच्या आधी एका काव्यस्पर्धेच्या कविता माझ्याकडे तपासायला आल्या. संयोजकांचं नाव घेत नाही. एकाचं घेतलं तर आणखी दहांचं घ्यावं लागेल. प्रकार अष्टाक्षरी, विषय कपाशी. कवींची नावं झाकून प्रत्येक कवितेवर क्रमांक टाकलेला. कवी बहुतेक आपल्याच भागातले असावेत, कारण पऱ्हाटी, सरकी, सीतादही हे शब्द जागोजागी होते आणि ते शब्दकोशात पाहून घातलेले वाटत नव्हते. सत्तावीस क्रमांकाच्या कवितेची सुरुवात अशी होती :

बोंड फुटलं रानात
भाव पडला बाजारी
शेतकरी माझा राजा
जगाचा पोशिंदा भारी

पहिल्या दोन ओळींपाशी मी थांबलो. ‘फुटलं’ आणि ‘पडला’ ही दोन क्रियापदं समोरासमोर ठेवून वेचणीपासून बाजार समितीपर्यंतचा सगळा हंगाम कोणीतरी सोळा अक्षरांत आणला होता. पुढच्या दोन ओळी मात्र थेट कुठल्यातरी सत्काराच्या भाषणातून आलेल्या. मी समासात लिहिलं : “राजा आणि पोशिंदा काढा. भाव पडल्यावर त्या दिवशी घरात काय झालं ते सांगा. ओळीला आठच अक्षरं मिळतात, त्यातली दोन ‘भारी’वर घालवू नका.” अशी टिपणं जवळजवळ प्रत्येक कवितेवर केली. चार संध्याकाळी गेल्या.

मग फोन आला. “सर, टिपणं नकोत. फक्त क्रमांक द्या, आज ग्राफिक बनवायचंय.”

निकाल आला तो मोबाइलवर, झेंडूच्या फुलांच्या चौकटीत. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ. म्हणजे ‘प्रथम’ येणारा प्रत्यक्षात तिसरा. सत्तावीस नंबर ‘लक्षवेधी’ ठरला. कोणाचं लक्ष कशानं वेधलं, याबद्दल अवाक्षर नाही. विजेती कवितासुद्धा छापली नव्हती. छापले होते ते विजेत्यांचे फोटो.

वाचकांसाठी स्पर्धा घेणं ही एक कला आहे आणि मराठीत ती कधीकाळी चांगली जमलेली होती, असं मी म्हटलं की लोक हसतात. स्पर्धा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं वर्तमानपत्राची कुपनं येतात. ती आमच्याही घरी होती. रोज सकाळी आधी कुपन कापायचं, मग उरलेला पेपर वडिलांना द्यायचा, कणकेच्या खळीनं तक्त्यावर चिकटवायचं, आणि एखादा दिवस हुकला की शेजाऱ्यांकडे धावायचं. त्यातून घरात डबे आले, वाचक आला नाही. पैठणीच्या खेळांबद्दल इतकंच, की पैठण्या चांगल्या असतात. सेल्फी पाठवा आणि जिंका, यावर मी शाई खर्च करत नाही.

कुपनांच्या आधी शब्दकोड्यांचा जमाना होता. प्रवेशमूल्य भरून कोडी सोडवण्याचं वेड देशभर इतकं पसरलं की १९५५ साली केंद्र सरकारला खास कायदा करावा लागला : महिन्याचं एकूण बक्षीस हजार रुपयांच्या वर नको आणि एका स्पर्धेला दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नकोत. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याची हद्द आखून दिली. जिथं निकाल मुख्यतः नशिबावर ठरतो तीच स्पर्धा या कायद्याखाली येते. जिथं तो बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरतो ती नाही. आमच्या वाङ्मयीन वर्तुळात हा खटला कोणी वाचत नाही, पण वाचावा. कवितेची स्पर्धा कौशल्याची असते हे आपण गृहीत धरतो. निकालामागचं कारणच सांगितलं नाही, तर भाग घेणाऱ्याच्या बाजूनं ती सोडतीहून वेगळी कशी? सत्तावीस नंबरच्या कवीला चिठ्ठी निघाल्याचं कळलं, एवढंच.

निकालाचं कारण दाखवावं लागतं, हे मुलांच्या ‘चांदोबा’ मासिकाला कळत होतं. जोडीचे दोन फोटो छापायचे, वाचकानं दोघांना मिळून शोभतील अशा दोन मोजक्या ओळी पोस्टकार्डावर लिहून पाठवायच्या. बक्षीस किरकोळ. पण पुढं त्या फोटोंखाली जिंकलेली ओळ छापून यायची, पाठवणाऱ्याच्या नावागावासह. ओसरीवर बसून आपली ओळ आणि छापलेली ओळ शेजारी ठेवली की कळायचं, आपण फोटोत दिसतं तेवढंच लिहिलं होतं आणि त्या कुठल्याशा गावच्या मुलानं दुसऱ्या फोटोनं पहिल्याला उत्तर दिलं होतं. शंभर व्याख्यानांत न मिळणारा धडा हरलेल्या पोराला मासिकाच्या किमतीत मिळायचा. परीक्षकानं वेगळं काही लिहायची गरज नव्हती. छापलेली ओळ हेच टिपण.

स्पर्धेचे निकष कसे लिहावेत हे पाहायचं असेल तर साहित्याच्या बाहेर जावं लागतं. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या आहेत. खेड्यातल्या साध्या घरात चालला पाहिजे. बाईला फारसं न थकता सलग आठ तास चालवता आला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आणि नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकला पाहिजे. यात ‘आकर्षक’, ‘दर्जेदार’, ‘समाजप्रबोधनपर’ असा एक शब्द नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. एक लाख रुपये, तेही १९२९ चे, आणि अटी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून दिले नाहीत! वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नमुने पाहताना मला दरवेळी हे न दिलेलं बक्षीस आठवतं. ‘यंदा एकही कविता पहिल्या क्रमांकाची नव्हती’ असं म्हणणारी काव्यस्पर्धा गेल्या दहा वर्षांत या जिल्ह्यात झाली असेल तर मला कळवावं.

पण माझा खरा जीव आहे तो याच्याही पुढच्या परंपरेत, जिथं बक्षीसच नसतं आणि वाचकाला उत्तर मिळतं. मराठी गद्याचा एक मोठा आरंभ वाचकाच्या पत्रासारखाच आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींनी जे लिहिलं त्याला आपण आज शतपत्रं म्हणतो, आणि अभ्यासक्रमात लावून त्यातली पत्रं विसरतो. पत्र म्हणजे समोर कोणीतरी आहे, तो चिडेल, उलट लिहील, हे धरून लिहिलेली गोष्ट.

ही परंपरा आपल्या जिल्ह्यात, वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर येऊन राहिली होती. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले. पत्रांचा ढीग एवढा, की ती चुकून बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली आणि अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करावं लागलं. टपालामुळं नाव बदललेलं दुसरं गाव मला माहीत नाही. त्याच वर्षापासून त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात प्रश्नपेटीचं सदर दिसतं. प्रश्न कसले? अहिंसा सैन्यापुढं कशी टिकेल, संस्थेत अमुक पैसा घ्यावा का, आणि पुष्कळदा सरळ, तुम्ही आधी असं म्हणालात आणि आता तसं कसं म्हणता. प्रश्न छापायचा, मग त्याखाली उत्तर. उत्तरं कधी चार ओळींची, कधी खडूस, काही तर मला आजही पटत नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्याला ‘सहभागाबद्दल धन्यवाद’ असं सांगून कोणी वाटेला लावलेलं नाही. त्याचं म्हणणं खोडून काढण्याइतकं मोलाचं धरलेलं आहे. सहभाग या शब्दाचा मला कळणारा अर्थ एवढाच आहे.

साहित्यात हेच काम ‘सत्यकथा’ मासिकानं केलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाला लांब पत्रं लिहीत. कथा कुठं सुटली, कुठला प्रसंग जास्तीचा, शेवट कशानं ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, हे सांगून पुन्हा लिहायला लावत. ‘साभार परत’ची धास्ती घेऊन एक पिढी लिहिती झाली. त्या दरबारात सगळ्यांना प्रवेश नव्हता हेही खरं. राजा ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून त्यावर जो हल्ला चढवला तो उगाच नव्हता. मात्र एक पाहा : हल्ला करता आला, कारण त्या संपादकांची अभिरुची उघड्यावर होती. तिला नाव होतं, युक्तिवाद होता, भिंत होती म्हणून डोकं आपटता आलं. झेंडूच्या चौकटीवर कोण कसा हल्ला करणार?

आणि जवळचं उदाहरण म्हणजे नागपूरचं ‘आजचा सुधारक’ हे मासिक. दि. य. देशपांड्यांनी १९९० मध्ये आगरकरांचं नाव पुढं ठेवून ते सुरू केलं. बक्षीस नाही, स्पर्धा नाही. पण संपादकाच्या विरोधात जाणारं पत्र तिथं मानानं छापलं जायचं, त्याला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, असं अंकामागून अंक चालायचं. विवेकवादावरचा एखादा लेख वाचायला घेतला की तो तीन अंक मागं सुरू झालेला असायचा. कंटाळवाणं? कधीकधी फार. तरीही माझ्या ओळखीच्या निदान दोन शिक्षकांनी आयुष्यातलं पहिलं गंभीर गद्य लिहिलं ते या अंकातल्या कोणाचा तरी राग आला म्हणून.

आता आजची स्थिती. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत प्रत्येक तालुक्यात मोबाइलवरचे काव्यसमूह आहेत. सोमवारी चारोळी, बुधवारी हायकू, शनिवारी चित्रकाव्य. मुख्य प्रशासक, सहप्रशासक, परीक्षक, संकलक, ग्राफिककार अशी पदांची उतरंड ग्रामपंचायतीलाही लाजवील. या समूहांनी अंगणवाडीताई, जिल्हा परिषदेचे मास्तर, निवृत्त तलाठी यांना लिहितं केलं, हे मी मान्य करतो. स्वयंपाक करता करता बोटांवर अक्षरं मोजणारी बाई मी पाहिली आहे. छंदाचा इतका रोजचा सराव विद्यापीठाच्या मराठी विभागांत होत नाही. म्हणून तर चीड येते. एवढी माणसं दारापर्यंत आली आणि आपण त्यांच्या हातात सन्मानपत्र देऊन दार लावून घेतलं.

यावर संयोजक मला दोन गोष्टी सांगतात. पहिली, लोकांना प्रोत्साहन हवं असतं, चुका दाखवल्या की ते गट सोडून जातात. जाऊ द्यात की! तबल्याच्या गुरुजींनी ठेका चुकल्यावर हातावर मारलं म्हणून किती पोरं पळाली, आणि जी राहिली त्यांनीच मैफल केली ना? शिवाय ‘लोक नाराज होतात’ हा लोकांवरचा आरोप आहे. समुद्रपूरच्या एखाद्या बाईला दोष सांगितला तर ती कोलमडेल, असं गृहीत धरणं म्हणजे तिला कवी न मानणं. ढाल्यांनी ज्या दरबारी वृत्तीवर तलवार उगारली तीच ही, फक्त आता ती गोड बोलते. दुसरी सबब, वेळ आणि जागा नाही. चारशे सन्मानपत्रं छापायला, प्रत्येकावर नाव टाकायला वेळ आहे. प्रत्येक कवीकडून पैसे घेऊन प्रातिनिधिक संग्रह काढायला जागा आहे. त्या संग्रहाला प्रस्तावना असते, आणि तीत एकाही कवितेचा उल्लेख नसतो, कारण एकीचा केला तर बाकीच्या पैसे भरलेल्यांना काय सांगायचं?

साहित्य संमेलनांचे कविकट्टे याच रोगाचं मोठं रूप. श्रोत्यांत बसलेला प्रत्येक जण हातात कागद घेऊन आपल्या नावाची वाट पाहतो, नाव येतं, तीन मिनिटं, स्मृतिचिन्ह, फोटो, आणि मग तो जेवणाच्या मांडवाकडे. कविता वाचली गेली, ऐकली कोणी? २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्यात शहाण्णवावं अखिल भारतीय संमेलन आणि विद्रोही संमेलन एकाच वेळी भरलं तेव्हा गावात माझ्या माहितीतल्या प्रत्येकानं कविता लिहिली. त्यातल्या किती जणांना कोणी सांगितलं, की तुमची तिसरी ओळ खोटी आहे? कविकट्ट्यावर प्रत्येक कवीमागं एक श्रोता नेमा, आणि त्यानं उभं राहून एक तरी वाक्य बोललंच पाहिजे असा नियम करा. कवींची संख्या निम्म्यावर येईल. येऊ दे.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. बक्षिसाची रक्कम शून्य करा, प्रवेशशुल्क घेऊ नका, ‘प्रथम’च्या वरच्या पायऱ्या पाडून टाका, आणि निकालात प्रत्येक कवितेखाली दोन ओळींचं टिपण छापा, परीक्षकाच्या सहीसह. सही महत्त्वाची. कवीनं उलट लिहिलं तर तेही छापा. परीक्षकाला भांडण नको असेल तर त्यानं परीक्षक होऊ नये.

मी संयोजकांकडे कवींचे पत्ते मागितले होते. गोपनीयतेचं कारण सांगून ते दिले गेले नाहीत. टिपणं केलेले कागद माझ्याकडेच आहेत. तेव्हा गेल्या दिवाळीत कपाशीवरची अष्टाक्षरी पाठवलेलं कोणी हे वाचत असेल, तर आपल्या कवितेची प्रत आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट या अंकाच्या पत्त्यावर धाडा. सत्तावीस नंबरनं तर नक्कीच.