हस्ताक्षरसंग्रह आणि कापलेले कागद

ऐतिहासिक पुरुषांचीं हस्ताक्षरें जमविण्याचा छंद आपल्याकडेही आहे. छंद वाईट नव्हे. परंतु त्याचें माप परदेशांतून आलेलें दिसतें. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सह्या करणाऱ्या ५६ जणांच्या सह्यांचा संच पुरा करणें ही तेथील संग्राहकांची मोठी हौस. त्यांतील बटन ग्विनेट १७७७ मध्यें द्वंद्वांत जखमी होऊन वारला, म्हणून त्याची सही अत्यंत दुर्मिळ व महाग. तेथें सही म्हणजे निदान माणसाचें नांव तरी असतें.

पेशव्यांच्या पत्रांत तेंही नाहीं. नांव मायन्यांत, मजकूर कारकुनाच्या हातचा, प्रामाण्य शिक्कामोर्तबाचें. पेशव्यांच्या हातचे म्हणावेत ते अखेरचे 'बहुत काय लिहिणें' यांसारखे दोनचार शब्द, आणि तेही प्रत्येक पत्रांत असतात असें नव्हे.

मागें आम्ही पहूर (ता. जामनेर) येथें एका घरचें दप्तर पाहण्यास गेलों होतों. रुमाल सोडतांच वर एक पत्र निघालें; खालचा चार बोटें भाग कात्रीनें कापलेला. 'पेशव्यांच्या हातचीं अक्षरें' म्हणून कोणी संग्राहक तेवढाच तुकडा घेऊन गेला, बाकीचा कागद त्यास नको होता, असें घरधन्यांनीं सांगितलें. त्या नको असलेल्या भागांत पाटीलकीच्या तंट्याची सबंध हकीकत आहे! आरंभीं सुहूर सन 'सबा सितैन मया व अलफ', म्हणजे ११६७, इ. स. १७६६-६७, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. परंतु चंद्र व महिना पत्राच्या अखेरीस लिहीत. ते तुकड्याबरोबर गेले. पहुरास वर्ष राहिलें, तिथि नाहीं. संग्राहकाच्या चौकटींत तिथि आहे, वर्ष नाहीं. मायनाही पहुरासच. मग चौकटींतील शब्द कोणत्या पेशव्याचे, हें तो कशावरून सांगणार? विकत घेतलेल्या वस्तूचा पुरावा त्यानें आपल्याच कात्रीनें तोडला.

राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें २२ खंड काढिले, त्यांत कारकुनी अक्षरांतील, सामान्य माणसांचे कागदही आले. १९२६ मध्यें ते धुळ्यास वारले. त्यांचें दप्तर जपणारें राजवाडे संशोधन मंडळ याच खानदेशांत आहे. त्याच प्रांतांत असा कागद कापला जावा याची आम्हांस खंत वाटते.

कापलेली कड आम्हीं पातळ कागदावर उतरून घेतली आहे. ज्यांच्या संग्रहीं असा तुकडा असेल त्यांनीं त्याचें छायाचित्र पाठवावें. तुकडा परत मागणार नाहीं, कड तेवढी जुळवून पाहूं.