मराठी गद्यातील श्रोता : काही ग्रंथांचे एक वाचन

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत सहसा भेटत नाही. तमाशाच्या फडांत मात्र 'कवठेकर' हे नाव चांगले परिचयाचे आहे. या गावचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक फडांसाठी गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने राज्य शासन जो जीवनगौरव पुरस्कार देते, तो २०१८ साठी त्यांना देण्यात आला. असा वग अभ्यासकाच्या हाती लिखित रूपाने आला, तर त्यात काय सापडते? पदे सापडतात, प्रवेशांचा क्रम सापडतो, मुख्य पात्रांची काही भाषणे सापडतात. प्रयोगात रात्र ज्याच्यावर निघते ती बतावणी बहुतांशी कागदाबाहेरच राहिलेली असते. सोंगाड्या समोरचे गाव पाहून बोलतो. त्याचा विनोद त्या गावाच्या पाटलावर, त्या वर्षीच्या पावसावर, पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांवर चालतो. दुसऱ्या जत्रेत त्याच वगाचे गद्य वेगळे होते.

अशा वाङ्मयाचे रसग्रहण कोणत्या आधारावर करावयाचे, हा प्रश्न केवळ लोकनाट्याचा समजला जातो आणि त्याची बोळवण लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत होते. वस्तुतः मराठी गद्यातील कित्येक श्रेष्ठ ग्रंथांपुढे हाच प्रश्न उभा आहे. चरित्र, बखर, प्रवासवर्णन, निबंध, आत्मचरित्र अशा निरनिराळ्या कप्प्यांत ते ठेवले गेल्यामुळे त्यांचे आपसातले नाते झाकले गेले आहे. कोणीतरी कोणालातरी समोरासमोर सांगत आहे, ही स्थिती त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

ही गोष्ट भाषेच्या अंगानेही तपासता येते. दुसऱ्याचे बोलणे उतरवताना मराठी माणसाला त्यातील पुरुष किंवा काळ बदलावा लागत नाही. त्याचे शब्द तसेच ठेवून पुढे 'असे' किंवा 'म्हणून' जोडले की काम भागते. इंग्रजी वाक्यरचनेच्या संस्काराखाली वाढलेल्या एकोणिसाव्या शतकातील ग्रंथिक गद्याने या सोयीकडे काहीसे दुर्लक्ष केले. ज्यांनी तसे केले नाही, त्यांचे गद्य आजही कानाला ताजे लागते.

लीळाचरित्र हे याचे पहिले आणि सर्वांत मोठे उदाहरण होय. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात या लीळा जमविल्या. ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्याने आठवणी विचारल्या, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाली व पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यामुळे एकाच लीळेचे अनेक पाठ आढळतात, आणि पोथ्यांत 'वासना' या संज्ञेखाली निराळी आठवण निराळी म्हणून नोंदलेली दिसते. पाठचिकित्सकाला ही अडचण वाटणे साहजिक आहे. रसिकाला मात्र तीच या ग्रंथाची संपत्ती वाटावी. एका प्रसंगाच्या दोन आठवणींपैकी एक खोडून टाकण्याचे धाडस संकलकांनी केले नाही, कारण दोन्हींच्या पाठीशी ऐकणारा एकेक जिवंत माणूस होता.

लीळाचरित्राची वाक्ये आखूड आहेत. 'म्हणितलें' हे क्रियापद पुनःपुन्हा येते, आणि त्याच्या दोन आवृत्त्यांमध्ये प्रश्न, उत्तर, कधी नुसते हसणे. वर्णन फारच थोडे. ज्या स्थळी प्रसंग घडला ते स्थळ सांगितले की पुढचे सारे संवादावर चालते. या गद्यास 'प्राथमिक अवस्थेतील' म्हणण्याची जी प्रथा आहे ती गैरसमजातून आली असावी. प्राथमिक गद्य इतके नेमके नसते. ज्याला ऐकणाऱ्याची खात्री आहे त्यालाच इतके थोडके बोलणे परवडते.

सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. 'बखर' हा शब्द 'खबर'चा वर्णविपर्यय होय, ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ग्रंथाच्या स्वभावाला ती शोभते. येथे श्रोता प्रत्यक्ष धनी आहे, आणि त्याने विचारले आहे ते आपल्या वडिलांविषयी. बखरीचा ओघ आणि तिची मर्यादा दोन्ही यातूनच येतात. असा श्रोता समोर असता सांगणारा मोकळा होतो, तसाच तो जपूनही बोलतो. गड, खजिना यांच्या याद्या मात्र तो निर्धास्तपणे देतो, आणि त्या याद्यांनाही एक लय आहे.

श्रोता आणि वाचक यांतील अंतर किती असू शकते, हे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'च्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झांशीचा वेढा व पाडाव त्याने शहरात राहून पाहिला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने त्याने ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण भाषेवर संस्कार करून आणि काही मजकूर बाजूस सारून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. मधल्या सुमारे साठ वर्षांत मराठी वाचकाने गोडसे भटजी म्हणून जे वाचले ते अंशतः वैद्य होते.

वैद्यांना दोष देणे सोपे आहे. परकीय सत्तेच्या काळात बंडाची हकीकत छापणे हे धैर्याचे काम होते, आणि त्यांच्यावाचून हा ग्रंथ बहुधा उरलाच नसता. तथापि दोन्ही पाठ समोर ठेवून वाचणाऱ्याला कळते की केवळ शब्द बदललेले नाहीत, ऐकणारा बदलला आहे. मूळ पाठातील भटजी घरी परतून आपल्या माणसांत बसल्यासारखा बोलतो. दक्षिणा किती मिळाली, स्नानसंध्येचे काय झाले, अन्नपाण्याचे किती हाल झाले, हे त्याला कत्तलीइतकेच सांगण्याजोगे वाटते. कत्तलीचे भय त्यामुळे उणावत नाही, उलट वाढते. कारण ज्याच्यावर ते कोसळले तो माणूस आधी नीट दिसलेला असतो. मार्जित पाठात इतिहास अधिक आहे, माणूस कमी आहे. पदव्युत्तर वर्गात या ग्रंथाचा जो उतारा लावला जातो तो कोणत्या पाठातील आहे, हे विद्यार्थ्याने पहिल्याच तासाला विचारावयास हवे.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' छापण्यापूर्वीच ऐकविला गेला होता. पुणे, हडपसर, जुन्नर, ओतूर अशा गावी तो वाचून दाखविल्याचे फुल्यांनी स्वतःच उपोद्घातात नमूद केले आहे. म्हणजे ज्या टापूत कवठे येमाई आहे, त्याच्या शेजारच्याच शेतकऱ्यांनी तो प्रथम ऐकला. असूडातील पान-पानभर लांबणारी वाक्ये व्याकरणाच्या शिक्षकाला सदोष वाटतात. ती मोठ्याने वाचून पाहावीत. कर्जाचा एक तगादा संपत नाही तोच दुसरा यावा, तसे उपवाक्यावर उपवाक्य येत जाते आणि श्वास संपेपर्यंत विराम मिळत नाही. त्या वाक्याचा आकारच शेतकऱ्याच्या वर्षाचा आकार आहे. हा निबंध डोळ्यांनी वाचल्यास पुष्कळसा वाया जातो.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चा (पहिला भाग १९३४) पहिला श्रोता त्यांचा मुलगा होता. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्याने आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंचे अक्षरशिक्षण लग्नानंतरचे. त्यांच्या पुस्तकाची वाखाणणी 'साधी भाषा' या दोन शब्दांत करण्याचा प्रघात पडला आहे, तो अपुरा आहे. साध्या भाषेत लिहिणाऱ्या बायका-पुरुष पुष्कळ झाले. लक्ष्मीबाईंजवळ विशेष होता तो विराम साधण्याचा. स्वतःची फजिती सांगताना त्या नेमक्या हसण्याच्या आधी थांबतात, आणि दुःख सांगताना ऐकणाऱ्याला रडण्यास सवड न देता पुढच्या कामाला लागतात. पुढे मुलगा बसला आहे आणि ज्याची गोष्ट चालली आहे तो त्याचा बाप आहे, याचे भान एकाही वाक्यात सुटत नाही.

कादंबरीला असा श्रोता आयता मिळत नाही. तो निर्माण करावा लागतो. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त (१९५५) निवेदक असलेल्या तरुण मास्तरालाच श्रोता केले. धनगर बोलतात, तो ऐकतो, आणि वाचक त्याच्या शेजारी बसतो. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर आपल्याच वयाच्या कोणाशी बोलावे तसा बोलतो. त्याच्या 'वगैरे' व 'उदाहरणार्थ' यांची नक्कल पुढे फार झाली, पण ते शब्द ज्याच्यासाठी उच्चारले गेले तो मित्र नक्कल करणाऱ्यांना सापडला नाही.

तमाशात श्रोता रंगमंचावरच उभा असतो. सुरत्ये झील धरतात, सोंगाड्या मुख्य पात्राला मध्येच अडवून गावाच्या वतीने शंका विचारतो. म्हणजे सांगणे आणि ऐकणे दोन्ही प्रेक्षकांसमोर घडते. वगाचा आरंभ साधारणतः १८६५ च्या 'मोहना-बटाव'पासून मानतात. तेव्हापासूनच्या या दीर्घ परंपरेतील पदे काही प्रमाणात छापली गेली आहेत, गद्य फारसे छापले गेलेले नाही. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) पुस्तकरूपाने वाचताना ज्यांनी दादा कोंडके यांचा प्रयोग पाहिला होता त्यांना ते निम्मेच वाटते. त्यांनी ऐनवेळी घातलेली भर पुस्तकात कोठून येणार?

मोमीन कवठेकर २०२१ मध्ये निवर्तले. अशा लेखकांच्या वह्यांतील पदे संपादून छापणे हे काम आवश्यक आहेच, पण तेवढ्याने वग छापला गेला असे होणार नाही. त्यांच्या वगांत उभे राहिलेले सरदार आणि सोंगाडे आज वयस्क होत आहेत. त्यांच्याकडे जाऊन एकेका वगाची बतावणी आठवेल तशी सांगवून घ्यावी लागेल. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही, कोणाची कोणती हे लिहून, ठेवाव्या लागतील. आणि प्रयोग कोणत्या गावी, कोणत्या जत्रेत झाला होता हे प्रत्येक वेळी नोंदावे लागेल. या कामाची रीत म्हाइंभटाने घालून दिलेली आहे.