विचारणे आणि मानणे

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ पासून बसल्या जागी संगणकावर खनिज-दावा नोंदवता येऊ लागला. शुल्क पुढे हेक्टरी १.७५ डॉलर झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या आदिवासींना आधी विचारायची गरज नव्हती. गिटखाला आणि एहाटेसाट हे समाज न्यायालयात गेले. आधी विचारविनिमय करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, असा निर्णय २०२३ साली लागला. मार्च २०२५ पासून तशी पद्धत सुरू झाली.

या सुधारणेचे मी स्वागत करतो, पण तिला न्याय म्हणत नाही. ज्याच्या नकाराने दावा अडेलच असे नाही, त्याला विचारणे हा निव्वळ उपचार ठरू शकतो. शुल्क वाढवा, नियम बदला. पण भूमी कुणाची, या मूळ प्रश्नाला बगल देऊन केलेली सुधारणा अखेर प्रस्थापितांच्याच सोयीची असते.