आचारी, आचार्य आणि एक वेबसाइट

मी डिझायनर आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पाची वेबसाइट फुकट करून दिली. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं ते सॉफ्टवेअर. त्यांचं जुनं पान म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं, आणि सगळ्यात वर 'काय जमत नाही' अशी अकरा कलमांची यादी. मला ती बघवेना. दुकानाच्या दारातच कुणी मालातले दोष लिहून ठेवतं का? मी यादी तीन क्लिक आत नेली. तिच्या जागी मोठ्या टायपात लिहिलं, 'तुमचा मजकूर, एका क्षणात युनिकोड.' खाली हिरवं बटण. सगळ्यांनी कौतुक केलं.

मग एका स्मरणिकेच्या संपादकांचा मेल आला. जुने लेख त्यांनी आमच्या सॉफ्टवेअरमधून काढून घाईत छापायला दिले होते. गावजेवणाच्या आठवणींत आचाऱ्यांनी पहाटे चुली पेटवल्या होत्या. छापून आलं ते आचार्यांनी. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. तीनशे प्रती. यादीतलं चौथं कलम नेमकं हेच होतं : 'ऱ्या'चा 'र्या' होतो, तपासून घ्या. मेलमध्ये राग नव्हता. एकच प्रश्न होता, "माहीत होतं, तर सांगितलं का नाही?"

तेव्हापासून मुक्तस्रोत प्रकल्पांच्या वेबसाइट मी वेगळ्या नजरेने वाचतो. बऱ्याच जणींवर आता स्टार्टअपची कळा आहे. गडद पार्श्वभूमी, रंगीत झळाळी आणि 'वेगवान, सुंदर, आधुनिक' ही तीन विशेषणं. हे नेमकं आहे काय, हे कळायला मात्र चार वेळा स्क्रोल करावं लागतं. विकायचं काहीच नसताना ही विक्रेत्याची भाषा कशासाठी? सॉफ्टवेअर फुकट असलं तरी वापरणारा आपला वेळ आणि आपला मजकूर त्यात घालतोच. ती किंमत त्याला आधी कळायला हवी.

उलट टोक बघायचं तर एसक्यूलाइटची वेबसाइट उघडा. हा डेटाबेस तुमच्या फोनमध्ये आत्ता आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेजही त्यातच साठतात. पण वेबसाइट दिसते जुन्या सरकारी परिपत्रकासारखी. डाउनलोडच्या पानावर आधी सोर्स कोड, तयार फाइली त्याच्या खाली, आणि नावं अशी की नवख्याने हात जोडावेत. डिझायनर म्हणून मी याला पास करणार नाही. तरीही तिथलं एक पान मला फार आवडतं. एसक्यूलाइट कुठे वापरावं, हे ते सांगतं. आणि कुठे वापरू नये, दुसरा डेटाबेस कधी बरा, हेही तितक्याच शांतपणे सांगतं. त्याच पानावर २०१५ची एक नोंद आहे : ही वेबसाइट स्वतः एसक्यूलाइटवर चालते आणि दिवसाला चार ते पाच लाख विनंत्या झेलते. दावा करायचा तर असा, आकड्यासकट आणि मर्यादेसकट. अनोळखी माणसांनी पाठवलेला कोड आम्ही घेत नाही, हेसुद्धा ते लिहून टाकतात. दार बंद आहे, पण तशी पाटी लावलेली आहे.

डेबियनचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. १९९३पासून चालत आलेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. डिसेंबर २०२०मध्ये त्यांनी मुखपृष्ठ नव्याने मांडलं, मजकुराची गर्दी कमी केली. पण खरी अडचण मांडणीत नव्हतीच. अनेक लॅपटॉपचं वायफाय चालायला जे फर्मवेअर लागतं ते मुक्त नाही, म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. ते असलेली आवृत्ती 'अनधिकृत' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेली. नवख्याला जी फाइल हवी, नेमकी तीच सापडायला अवघड. कितीही देखणं बटण केलं असतं तरी ते चुकीच्या फाइलकडेच नेणार होतं. अखेर २०२२मध्ये सदस्यांनी मतदान केलं, सामाजिक करारात दुरुस्ती केली, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. तत्त्वाशी तडजोड झाली असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण एका बटणाने कुठे न्यायचं, हे इथे डिझायनरने नाही, मतपेटीने ठरवलं. रंग आणि टाइपफेस ही फार नंतरची गोष्ट.

माझी चूक मला इथे कळली. ती यादी मी कुरूप मजकूर समजलो. खरं तर ती प्रकल्पाची भूमिका होती, आणि कुणाला न विचारता मी ती बदलली. शिवाय त्या यादीला दोन वाचक होते. एक वापरणारा, ज्याला सावध व्हायचं आहे. दुसरा हात लावू शकणारा, ज्याला काम कुठे बाकी आहे ते हवं आहे. तीन क्लिक आत नेऊन मी दोघांनाही हाकललं.

प्रकल्पातल्या लोकांशी बोलून मी पान पुन्हा केलं. बटण आहे, हिरवंच आहे. पण फोनवर बटणाच्या वर आधी यादीतली सगळ्यात महाग पडणारी तीन कलमं दिसतात, उदाहरणासकट. पहिलं उदाहरण आचाऱ्यांचं, संपादकांची परवानगी घेऊन. पान पूर्वीइतकं देखणं नाही. माझ्या कामाच्या नमुन्यांत ते मी ठेवतो, तेव्हा लोक दुसऱ्याच पानावर थांबतात.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने ते उदाहरण वाचून विचारलं, "हे मी दुरुस्त करून बघू का?" तिची दुरुस्ती आता तपासणीत आहे. पास झाली, की कलम खोडायचं काम माझ्याकडे आहे.