कारंज्यातला तिसरा पुतळा

मित्रहो, आज एका कारंज्यापासून सुरुवात करू. हॅरी पॉटर मालिकेचं पाचवं पुस्तक २००३ साली आलं. त्यात जादू मंत्रालयाच्या दालनात हे कारंजं आहे. सोन्याचे पाच पुतळे. मध्ये जादूगार आणि जादूगारीण. त्यांच्याकडे भक्तिभावाने माना वर करून पाहणारे तिघे: सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, गॉब्लिन, आणि घरकामाला जुंपलेला हाउस-एल्फ. कारंज्याचं नाव मात्र बंधुभावाचं!

हॅरी जवळ जाऊन नीट पाहतो तेव्हा त्याला वाटतं, सेंटॉर आणि गॉब्लिन माणसांकडे असे कधीच पाहणार नाहीत. हाउस-एल्फची लाचारी तेवढी त्याला खरी वाटते. पुस्तकाच्या शेवटी डम्बलडोर सांगतात की ते कारंजं खोटं बोलत होतं. आता आमचा प्रश्न एवढाच आहे, की ते एल्फच्या बाबतीतही खोटं बोलत होतं का? सात पुस्तकं वाचून झाली तरी याचं सरळ उत्तर मिळत नाही. आम्हाला या मालिकेविषयी जे म्हणायचं आहे ते इथूनच निघतं.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. पूर्वग्रह फक्त दुष्टांच्या मनात असतो, असं ही मालिका मानत नाही. तो कायद्यात असतो, नोकरीच्या अटींत असतो. माणूस नसलेल्या जीवाने छडी बाळगू नये, असा या जगात नियमच आहे. गॉब्लिन बँक चालवू शकतात, छडी धरू शकत नाहीत. ल्युपिन हे १९९९ च्या तिसऱ्या पुस्तकातले उत्तम शिक्षक. लहानपणी चावा बसल्यामुळे पौर्णिमेला त्यांचा लांडगा होतो. हे उघड झालं की त्यांना शाळा सोडावी लागते, आणि पुढे कळतं की अम्ब्रिजबाईंनी केलेल्या कायद्यामुळे त्यांना काम मिळणंच जवळजवळ अशक्य झालं आहे. एचआयव्हीसारख्या, कलंक चिकटलेल्या आजारांचं हे रूपक असल्याचं लेखिकेने स्वतः म्हटलं आहे.

पण रूपक वापरलं की त्याचा हिशेबही द्यावा लागतो. सहाव्या पुस्तकात ग्रेबॅक येतो. हाही तसाच लांडगा होणारा, पण मुलांना मुद्दाम चावणारा. झालं! ज्या भीतीला आपण अन्याय म्हणत होतो, तिला कथेनेच कारण पुरवलं. एकटे ल्युपिन चांगले, बाकीचे बहुतेक त्या ग्रेबॅकच्या मागे. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस हो’ हे वाक्य आपण कुणाला ना कुणाला ऐकवलेलं असतं. ही रचना त्याच वाक्याची आहे.

आता एल्फकडे वळू. चौथ्या पुस्तकात हर्मायनीला कळतं की हॉगवर्ट्‌सच्या स्वयंपाकघरात शंभराहून जास्त एल्फ बिनपगारी राबतात. ती संघटना काढते. त्या संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ओकारी असा अर्थ निघतो. म्हणजे विनोद नावापासूनच सुरू. रॉन हसतो. हॅग्रिड, जो प्रत्येक राक्षसी जनावराला पोटाशी धरतो, तोही म्हणतो की एल्फना मोकळं करणं हा त्यांच्यावर अन्याय होईल, त्यांना काम आवडतं.

‘त्यांना आवडतं’. मित्रहो, हे वाक्य ऐकायला आपल्याला इंग्लंडात जावं लागत नाही. कामाच्या बाईंचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरातही ते ऐकू येतं: ‘त्यांनाच बरं वाटतं तसं.’

लेखिकेची बाजूही मांडू. गुलामी मनात मुरते हे तिला पक्कं ठाऊक आहे. मोकळा झालेला डॉबी पगार मागतो. डम्बलडोर आठवड्याला दहा गॅलिअन आणि शनिवार-रविवार सुटी देऊ करतात, तर हाच घासाघीस करून पगार एका गॅलिअनवर आणि सुटी महिन्याला एक दिवसावर आणतो. हा प्रसंग खरा आहे, आणि बोचणारा आहे. पण तो हसण्यावारी जातो. विंकीला मालकाने काढून टाकलं म्हणून ती दारूत बुडते, आणि वाचकाने त्यातून काय घ्यायचं? स्वातंत्र्य तिला सोसलं नाही, एवढंच?

शेवट बघा. सातव्या पुस्तकात डॉबी मरतो. हॅरी जादू न वापरता, स्वतःच्या हातांनी त्याची कबर खणतो. मालिकेतला हा अतिशय सुंदर प्रसंग. पण लढाई जिंकल्यावर, उपसंहाराआधीच्या शेवटच्या ओळींत, हॅरीच्या मनात येतं की क्रीचर सँडविच आणून देईल का. क्रीचर त्याला वारशात मिळालेला एल्फ आहे. वागणूक सुधारली, मालकी तशीच राहिली. हर्मायनीने पुढे मंत्रालयात जाऊन एल्फसाठी काम केलं, हे लेखिकेने मुलाखतीत सांगितलं. कादंबरीत त्याला जागा मिळाली नाही.

असं करणं शक्य नव्हतं, असं नाही. टेरी प्रॅचेट यांच्या २०११ सालच्या ‘स्नफ’ कादंबरीत गॉब्लिनना सगळे किडे समजतात. शेवटी एक गॉब्लिन मुलगी वाद्य वाजवते, आणि ते ऐकलेल्यांना कायदा बदलावा लागतो. तिथेही आमची एक तक्रार आहेच: माणूस म्हणून मान्यता मिळवायला आधी कलावंत असावं लागतं का? पण निदान कायदा पानावर बदलतो.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. पुराणातले दैत्य-राक्षस म्हणजे इथले हरलेले मूळ रहिवासी, त्यांना राक्षस ठरवणारे जिंकलेले, अशी त्यांची मांडणी होती. तिचा इतिहास म्हणून वाद घाला, जरूर घाला. पण वाचनाची ही रीत मोलाची आहे. गोष्टीत कुणी ‘माणूस नव्हे’ असं लिहिलेलं दिसलं, की हे कुणी ठरवलं, आणि त्याच्या घरचं काम कोण करतं, हे विचारायचं.

ही पुस्तकं मुलांच्या हातून काढून घ्या, असं आम्ही म्हणत नाही. मुलांना द्याच. फक्त हर्मायनीवर सगळे हसतात त्या पानाशी थोडं थांबा, आणि विचारा: तू हसलास का? का हसलास? उत्तर द्यायला मूल जरा वेळ घेईल. तेवढा वेळ त्याला देऊ, आणि मग तोच प्रश्न स्वतःलाही विचारू. कारण ते पान पहिल्यांदा वाचताना आम्हीही हसलो होतो.