‘अस्तु’ आणि लावणीचे दिवस
सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं जपते. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण चन्नम्माची माया थोड्या वेळापुरती आहे. लेक इराची ओढाताण दिसते, ती शहरातली.

शहापूर-मुरबाडमध्ये भातलावणीला निघालेल्या सुनेनं सासऱ्यांना कुणावर सोपवायचं? ‘म्हातारचळ’ म्हणत कडी लावायची? खिशात फोन नंबरची चिठ्ठी, शेजाऱ्यांना दिलेली कल्पना, ठरल्या वेळी जेवण: माया टिकते ती अशा कामांवर. आणि ती एकट्या सुनेची नाहीत. सिनेमा आपल्याला रडवतो. कामं वाटून घेणं मात्र आपल्यावर सोडतो.