नकाशा, कोणत्या तारखेअखेर?

आपल्याकडे परीक्षण कशाचे होत नाही? नाटकाचे होते, दिवाळी अंकांचे होते, लग्नातल्या मठ्ठ्याचे तर पंगत उठायच्या आत होते. परंतु नकाशाचे परीक्षण कुणी केलेले निदान माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक नकाशा हे एक पुस्तकच असते. त्याला कर्ता असतो, आवृत्ती असते, छपाईच्या चुका असतात, आणि कधीकधी तर शुद्ध कल्पित कथाही असते. फरक इतकाच, की वाईट कादंबरी वाचता वाचता माणूस फार तर झोपी जातो. वाईट नकाशा वाचता वाचता तो कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो.

तर हे परीक्षण आहे जीपीएसच्या यंत्रात भरायच्या नकाशांचे. एक यंत्र हातात धरायचे, डोंगरात न्यायला; दुसरे गाडीच्या काचेला चिकटवायचे. "अहो, मोबाइल असताना हे कशाला?" असे आमचे हेडकॅशिअर विचारतात. हेडकॅशिअर रविवारी घरातून मंडईपर्यंत जातात, म्हणून त्यांना हा प्रश्न पडतो. मोबाइलमध्येही नकाशा आधी भरून ठेवता येतो, हे खरे. पण सह्याद्रीत आधी रेंज जाते, मग तिचा शोध घेता घेता बॅटरी जाते. हातातले साधे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालते, आणि पेन्सिल सेल डोंगराखालच्या गावातल्या दुकानात बिडीकाडीच्या शेजारी मिळतो. ज्याची शिधासामग्री बिडीकाडीशेजारी मिळते त्याच्यावर माणसाने डोंगरात भरवसा ठेवावा, असे माझे मत आहे.

आता बँकेतल्या बी.कॉम. कारकुनाला नकाशावर बोलायचा अधिकार काय? अधिकार आहे. पासबुक उघडल्यावर जो आधी रक्कम पाहतो तो खातेदार आणि जो आधी तारीख पाहतो तो कारकून. 'शिल्लक सात हजार' या वाक्याला आमच्याकडे काहीही अर्थ नाही. सात हजार केव्हा? कोणत्या तारखेअखेर? नकाशाबाबत नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारला तर बहुतेक नकाशे खाली मान घालतात.

मुळात लोकांची एक समजूत असते, की उपग्रह रस्ता दाखवतो. उपग्रहाला आपला रस्ता कशाला ठाऊक असेल? तो फक्त 'आत्ता इतके वाजले आणि मी अमुक ठिकाणी आहे' एवढेच वरून सांगत असतो. असे चारपाच उपग्रह ऐकून आपले यंत्र आपले अक्षांश-रेखांश काढते. अमेरिकेने सामान्य लोकांसाठी त्यात मुद्दाम घातलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली. तेव्हापासून उघड्यावर हा हिशेब दहा-वीस मीटरच्या आत जुळतो. पण आपण जिथे उभे आहोत तिथे रस्ता आहे, विहीर आहे की हवा आहे, हे सांगतो तो यंत्राच्या पोटातला नकाशा. म्हणजे ठिकाण सांगणारा एक आणि त्या ठिकाणी काय आहे ते सांगणारा दुसराच. चुकतो बहुधा दुसरा आणि शिव्या खातो पहिला. कर्जदार मजेत आणि नोटीस जामीनदाराला, असा हा प्रकार आहे.

यंत्राबरोबर फुकट येतो त्याला बेसमॅप म्हणतात. या साहित्यप्रकाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यात सबंध जग असते, आणि सबंध जग असल्यामुळे कुठलेच काही नसते. मुंबई एक ठिपका, पुणे एक ठिपका, मधे एक जाड रेघ. पुणेकरांना त्यांचा ठिपका मुंबईपेक्षा लहान काढल्याचे वाईट वाटेल, एवढीच काय ती त्यातली नाट्यमयता.

आमच्या मेव्हण्यांनी अमेरिकेहून येताना गाडीसाठी असेच एक यंत्र आणले. सौभाग्यवतींच्या माहेरची वस्तू. तिच्याबद्दल घरात जपून बोलावे लागते. पण परीक्षकाने सत्य सांगितले पाहिजे. त्यात ओहायो राज्यातली बोळनबोळ होती. कुठल्या चौकात डावीकडे वळायला बंदी आहे, कुठल्या वळणावर पेट्रोल पंप आहे, सगळे. फक्त आम्ही ओहायोत नव्हतो. आमच्या भागाच्या नावाने त्यात तोच बेसमॅप. त्यामुळे पडद्यावर आमची गाडी एका विशाल पिवळसर माळरानातून चालली होती आणि बाहेर सातारा रस्त्यावर वाहनांची दाटी होती. तिकडे विकत घेतलेल्या यंत्रात तिकडचाच नकाशा असतो, इकडचा वेगळा घ्यावा लागतो, ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. आमच्या विमा पॉलिसीसारखीच.

विकतच्या नकाशात 'लाइफटाइम' नावाचा एक अलंकार असतो. आजन्म नवीन आवृत्त्या फुकट! माणूस हुरळून जातो. अटी वाचल्यावर कळते, की आजन्म म्हणजे आपल्या जन्मापुरते नव्हे, यंत्राच्या जन्मापुरते. आणि यंत्राचा जन्म किती, हे ठरवणार कंपनी. एका कंपनीने माझ्या यंत्राचे आयुष्य असेच माझ्या परस्पर संपवले. यंत्र अजून धडधाकट आहे. कागदोपत्री मात्र ते कैलासवासी. आमच्याकडे याच्या नेमके उलट होते: पेन्शनर समोर उभा असतो आणि आम्ही त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो.

जुन्या आवृत्तीची मजा पाहायची असेल तर समृद्धी महामार्गावर जावे. नागपूर ते शिर्डी हा तुकडा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे, जून २०२५ मध्ये. एकूण ७०१ किलोमीटर. त्याआधीच्या नकाशावर तुमची गाडी सोयाबीनच्या शेतातून ताशी शंभरच्या वेगाने चाललेली दिसते, आणि आतली बाई काकुळतीला येऊन सांगत असते, शक्य तिथे मागे वळा. अटल सेतूवर तर ती खचतेच. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला तो पूल ज्या नकाशात नाही, त्यात गाडी शिवडी सोडते आणि सरळ अरबी समुद्रात शिरते. असला नकाशा खोटा नसतो, हे लक्षात घ्या. तो त्याच्या तारखेअखेर अगदी खरा असतो. पण ती तारीख पडद्यावर येत नाही. येते ती यंत्राच्या माहितीच्या पानावर, सहा वेळा बटण दाबल्यावर, तीही सालाऐवजी कसल्यातरी आवृत्तीच्या आकड्यात.

भाषेबद्दल दोन शब्द. बऱ्याच यंत्रांना देवनागरी येत नाही. ती नावे रोमन लिपीत दाखवतात आणि परदेशी उच्चारात वाचतात. आपल्याकडे वडगावे किती! वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. ती बाई बुद्रुकचे 'बीके' करते आणि खुर्दचे 'केएच'. थोरले गाव आणि धाकटे गाव हा शेकडो वर्षांचा भाऊबंदकीचा इतिहास तिने दोन-दोन अक्षरांत गुंडाळला. शिवाय २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. चारचा अठ्ठेचाळीस झाला, सतराचा सहासष्ट. बाई म्हणते सहासष्ट, रस्त्याकडेचा टपरीवाला म्हणतो सतरा, आणि कोकणात जाणारा आपला माणूस दोघांना बाजूला सारून 'गोवा रोड' विचारतो.

आता फुकटच्या नकाशाकडे वळू. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या गृहस्थाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. जगातल्या हौशी लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा काढायचा आणि तो सर्वांनी वापरायचा. तो रूपांतर करून हातातल्या यंत्रात घालता येतो. हा नकाशा म्हणजे वर्गणीतून निघालेला अंक आहे: काही पाने अप्रतिम, काही कोरी. ज्या गावाला नकाशाचा नाद असलेला जावई लाभला त्या गावातले पाणवठे, पार, पायवाटा सगळे त्यात सापडते. ज्याचे जावई नुसतेच जेवून झोपणारे, त्या गावाचा एक ठिपका.

तो भरण्याचा विधी मात्र जरा सोवळ्यातला आहे. गार्मिनच्या यंत्राचे घ्या. (हे नाव गॅरी आणि मिन या दोन भागीदारांच्या नावांवरून पडले आहे, आपल्याकडे अशाने 'रमासुर' झाले असते.) कार्डावर 'गार्मिन' नावाचे खण करायचे आणि त्यात 'जीमॅपसप' नावाची फाइल ठेवायची. जुन्या यंत्रांना एवढे एकच नाव ओळखता येते. त्यामुळे कोकणाची फाइल घातली की विदर्भाची पुसली जाते. नाव एकच ना! दोन्ही हवे असतील तर आधी संगणकावर सांधावे लागतात. नवी यंत्रे वेगवेगळी नावे चालवून घेतात. फाइल चार जीबीच्या वर गेली तर कार्ड ती घेतच नाही, म्हणून सबंध खंड भरण्याचा हव्यास धरू नये. आणि दोन नकाशे एकाच वेळी चालू ठेवले तर वरचा खालच्याला झाकतो. त्यातला एक यादीत जाऊन बंद करावा लागतो. हे न कळून 'नकाशा भरला पण दिसत नाही' म्हणणारे लोक मला ट्रेकच्या बसमध्ये नेहमी भेटतात. त्यांचा नकाशा दुसऱ्याच्या पाठीमागे उभा असतो, एवढेच.

मात्र या फुकटच्या नकाशाचा एक गुण कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आणील असा आहे. मूळ नकाशात प्रत्येक रेघेचा इतिहास राहतो. ती कुणी काढली, कोणत्या तारखेला, नंतर कुणी हलवली. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही! एवढी शिस्त आमच्या शाखेत इन्स्पेक्शनच्या आठवड्यातसुद्धा नसते. दुर्दैव असे, की यंत्रात भरताना हा सगळा इतिहास गळून पडतो. उरते नुसती रेघ. दहा जण दहा वेळा चालून गेलेली पायवाट आणि कुणीतरी घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून अंदाजाने ओढलेली पायवाट, दोन्ही सारख्याच ठसठशीत.

इथे मला विनोद सुचत नाही. कारण नेमके हेच डोंगरात महागात पडते. उंचीच्या रेषांचे उदाहरण पाहा. फुकटच्या नकाशावर चढवलेल्या या रेषा बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून आलेल्या असतात. अकरा दिवसांत जवळजवळ सगळी वस्ती असलेली पृथ्वी! काम थोरच. पण त्यात उंचीची नोंद आहे आपल्याकडे आधी दर नव्वद मीटरला एक आणि पुढे खुल्या झालेल्या आवृत्तीत दर तीस मीटरला एक. दोन नोंदींमधे जे असेल ते संगणक समजुतीने भरतो. आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तो नुसता उभा नाही, नागाच्या फण्यासारखा पोटात गेलेला आहे. त्या मोजणीत एका ठिकाणाला एकच उंची लिहायची सोय, त्यामुळे पोटात गेलेला कडा तिथे मावतच नाही. पडद्यावर दिसतात त्या जवळजवळ आलेल्या, पण गुळगुळीत, सभ्य रेषा. नवख्याला वाटते, उतार जरा जास्त आहे, बसून बसून उतरू.

आमच्या जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या पत्रकांवर हे असे होत नसे. १७६७ पासूनचे खाते ते. तिथे कड्याला कड्याची वेगळी खूण असते. शेजारी कधी एक आकडा आणि पुढे 'आर' हे अक्षर, म्हणजे समुद्रापासूनची उंची नव्हे, पायथ्यापासूनची: इतक्या मीटरची उडी आहे बाबा, बेताने. आणि ज्याची खात्री नाही ते तुटक रेघेने. आमच्या खात्यात 'सस्पेन्स' नावाचे एक खाते असते. ज्याचा पत्ता लागला नाही ती रक्कम तिथे ठेवतात. कुणाच्यातरी नावावर ठोकून देत नाहीत. तुटक रेघ म्हणजे नकाशाचे सस्पेन्स खाते. नव्या यंत्रांच्या नकाशांत मला सगळ्यात जास्त चुकचुकल्यासारखे होते ते तिच्यावाचून. त्या जुन्या पत्रकांतही वाटा पन्नास वर्षांपूर्वीच्या असतात, हे मान्य. पण सर्वेक्षणाचे साल खाली छापलेले असते. (ती पत्रके यंत्रात घालणाऱ्यांनी हेही पाहावे, की त्यांचे माप १८३० सालच्या एव्हरेस्टसाहेबांच्या पृथ्वीवर बेतलेले आहे आणि उपग्रहाचे दुसऱ्या पृथ्वीवर. तसेच चढवले तर देऊळ ओढ्यापलीकडे जाते.)

म्हणून मी हातातल्या यंत्रात फुकटचा नकाशा भरतो, कड्यांसाठी बरोबर कागदी पत्रक ठेवतो, आणि घाटवाट असेल तर गावातला वाटाड्या घेतो. त्याच्या पोटातला नकाशा काल संध्याकाळअखेरचा असतो. गाडीसाठी विकतचा घेतो, कारण एकमार्गी रस्ते आणि वळायला बंदी या गोष्टी त्यात बऱ्या असतात. कार्डावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो. यंत्रात ती दिसत नाही तर निदान पाठीवर तरी असावी.

परवा हेडकॅशिअर सहकुटुंब दापोलीला निघाले. मंडईपलीकडची पहिलीच स्वारी. मी माझे गाडीचे यंत्र त्यांना दिले आणि चिकटपट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, आणि सवयीने विचारले, "खाली सही कुठाय?"